निवत जाणं

ओतानिएमीच्या तळघरात, फेब्रुवारीतल्या एका रात्री
आउलिस हौतामाकी बसलाय
काँक्रीटच्या ठोकळ्याला टांगलेल्या भांड्याजवळ.
पायात लोकरीचे मोजे, बूट दाराशी काढलेले,
कारण पावलाचा हादरासुद्धा
आत उष्णता होऊन उतरतो.

बाहेर उणे एकवीस.
सायमी आली, टोपीवरचा बर्फ झटकत म्हणाली,
काय गारठा आहे!
तो म्हणाला, बाहेर? बाहेर तर भट्टी आहे, पोरी.

भांड्यात भांडं, त्यात आणखी एक.
सगळ्यात बाहेर आपण, स्वेटर घातलेली माणसं.
मग नायट्रोजन, मग हेलियम,
मग निर्वात, जिथे ऊब वाहायला हमालच नाही.
आणि तळाशी अंगठ्याएवढा तांब्याचा तुकडा,
ताऱ्यांमधल्या काळोखाहून गार.

उष्णता म्हणजे अणूंची थरथर,
असं सायमीच्या पुस्तकात.
आउलिसचं म्हणणं, उष्णता म्हणजे चौकस शेजारीण.
भिंत घाला, ती तारेवरून येते.
तार बारीक करा, ती उजेड होऊन फटीतून डोकावते.
सगळी दारं लावून बसलात
तर कळतं, ती आधीपासून घरातच होती :
तांबं ओतताना अडकलेला हायड्रोजन
आठवडेच्या आठवडे
चिमूट चिमूट ऊब सोडत राहतो,
जुन्या रागासारखा.

चुंबक उतरवायला घेतलाय संध्याकाळपासून.
घाई नाही.
रांगेत उभी केलेली अणुकेंद्रं सैल होत जातात,
आणि सैल व्हायलाही ऊब लागते,
ती शेजारपाजारहून उसनी घेतात,
परत करायचं नाव नाही.

सायमीचा हात दर पाच मिनिटांनी बटणाकडे.
अगं, सारखं विचारू नकोस त्याला,
किती झालं, किती झालं.
विचारायला वीज लागते. वीज म्हणजे ऊब.
प्रत्येक प्रश्नानं तो जरासा तापतो
आणि मग जे सांगतो
ते त्याचं नसतं, तुझ्या प्रश्नाचं असतं.

पंप चालू. कितीतरी वेळ नुसता पंप.

हेल्वीला मी रोज विचारायचो,
आज कसं वाटतंय?
उत्तर द्यायला
ती उशी सारखी करून उठून बसायची.

सायमीनं हात खिशात घातला.

आलेखाची रेघ उतरते आहे.
अर्ध्यावर यायला एक रात्र,
त्याच्या अर्ध्यावर यायला आणखी एक,
त्याच्याही अर्ध्यावर, बघू.
शून्य तिथेच, कागदाच्या तळाशी, पेन्सिलनं आखलेलं.
चाळीस वर्षं हा माणूस त्याच्याकडे जिना उतरतोय
आणि दर वेळी पायरी निम्मी होते,
जिना संपत नाही.
आणि समजा, पोचलाच,
तरी हेलियम गोठायचं नाही म्हणे आपणहून.
थोडी थरथर राहतेच,
ती कुणाला देता येत नाही, कुणाकडून घेता येत नाही,
नुसत्या असण्याची असते.

मला यासाठी शब्द हवा होता. आपल्याकडे आहे : निवणं.
दूध निवतं, डोकं निवतं,
बघून डोळे निवतात.
किती उरलं म्हणजे निवलं
हे कुणी मोजून ठेवलेलं नाही.

तुमची कॉफी थंड झाली, सायमी म्हणाली.
दोनशे चौऱ्याण्णव अंश आहे, म्हणत त्यानं घोट घेतला,
तोंड वाकडं केलं, पण संपवली.
शनिवारपासून तो यायचा नाही.
सरोवराकाठी सौना आहे, चुलीवर दगड आहेत,
पळीभर पाणी टाकलं की फुसफुसून बोलणारे.
त्यांना विचारावं लागत नाही.

साडेपाचच्या सुमाराला
रेघेवर केसाएवढा उंचवटा आला.
सायमी दचकली, गळती?
आउलिसनं मान हलवली, वही पुढ्यात ओढली.
पहिली मेट्रो, म्हणाला.
आणि वेळेच्या रकान्यापुढे लिहिलं :
लोक उठले.